छायाचित्रावरून पक्ष्यांची ओळख

रानात, माळावर, पाणथळीत किंवा वस्तीजवळ टिपलेल्या छायाचित्राचे परीक्षण करून त्यातील अपरिचित वन्य पक्ष्याची जात ठरविणे. पक्ष्यांच्या सु. ११,००० जाती जगात ज्ञात असून भारतात त्यांपैकी सु. १,३५० जातींची नोंद झालेली आहे. पक्षी हाती घेऊन त्याची मापे घेणे व संग्रहालयातील नमुन्यांशी त्याची तुलना करणे ही जात ठरविण्याची जुनी व अजूनही प्रमाण मानली जाणारी पद्धत होय. परंतु ती सर्वांना शक्य नसते, तिच्यात पूर्वी पक्ष्याचा जीव जात असे आणि दुर्मिळ जातींच्या बाबतीत ती इष्टही नसते. म्हणून जिवंत पक्ष्याचे छायाचित्र हा आज पक्ष्यांच्या नोंदींचा एक प्रमुख पुरावा ठरला आहे. एखाद्या वनक्षेत्रात कोणती संकटग्रस्त जाती राहते, स्थलांतरी पक्षी केव्हा येतात, बेकायदेशीर व्यापारात पकडलेला पक्षी कोणता, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा एखाद्या छायाचित्राच्या अचूक वाचनावर अवलंबून असतात.

ऐतिहासिक आढावा : एकोणिसाव्या शतकात पक्षिविज्ञान मुख्यत्वे बंदुकीवर उभे होते. पक्षी मारून त्याचे चर्म भरून ठेवीत व त्यावरून जातीचे वर्णन करीत. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपले पुस्तक प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांसह प्रसिद्ध केले व पक्षि-छायाचित्रणाचा पाया घातला. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक पक्ष्याच्या चित्रावर त्याची नेमकी ओळखखूण बाणाने दाखविली होती. पक्षी न मारता, दुरून पाहून ओळखता येतो, हे या पद्धतीने सर्वसामान्यांना पटले. भारतात हेच कार्य सलीम अली यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने केले. पुढे अंकीय कॅमेरे व दूरदर्शी भिंगे स्वस्त झाल्यावर छायाचित्रांची संख्या अतोनात वाढली. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’सारख्या संगणकीय नोंदसंग्रहांत हौशी निरीक्षकांची छायाचित्रे आता संशोधनाचे साहित्य म्हणून साठविली जातात.

पुराव्याचे स्वरूप : छायाचित्राचा मोठा गुण असा, की ते स्मरणावर विसंबत नाही. पक्षी उडून गेल्यावरही अनेक जाणकारांना त्याचे स्वतंत्रपणे परीक्षण करता येते आणि मतभेद झाल्यास पुन्हा मूळ पुराव्याकडे वळता येते. त्याचा दोष असा, की ते एका क्षणाचे व एकाच बाजूचे असते. त्यात आवाज नसतो, चालण्या-उडण्याची ढब नसते आणि खरे आकारमानही नसते. यामुळे निरीक्षकाने घेतलेल्या इतर नोंदी छायाचित्राइतक्याच मोलाच्या ठरतात. स्थळ, दिनांक, वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, अधिवास, पक्षी एकटा होता की थव्यात, जमिनीवर होता की शेंड्यावर, काय खात होता, आवाज कसा होता, या गोष्टी त्याच वेळी टिपून ठेवाव्या लागतात. एकाच पक्ष्याची समोरून, बाजूने, पाठीमागून व उडताना घेतलेली चार साधी छायाचित्रे ही एका अत्यंत सुंदर छायाचित्रापेक्षा ओळखीस अधिक उपयोगी पडतात. मूळ छायाचित्र कापून किंवा त्याचे रंग सुधारून पाठविल्यास आजूबाजूचा संदर्भ व रंगांचे परस्परप्रमाण नष्ट होते. म्हणून परीक्षणासाठी मूळ प्रतच द्यावी, असा संकेत आहे.

आकारमान व रूपरेखा : अनुभवी परीक्षक प्रथम रंगाकडे न पाहता पक्ष्याच्या बाह्याकृतीकडे पाहतो. शरीर गोलसर की सडपातळ, मान आखूड की लांब, डोके शरीराच्या मानाने मोठे की लहान, बसण्याची ठेवण ताठ की आडवी, यांवरून पक्ष्याचे कुल बहुधा निश्चित होते. आकारमान मात्र छायाचित्रात फसवे असते. शेजारी ओळखीचा दुसरा पक्षी, ज्ञात झाडाचे पान किंवा तारेसारखी वस्तू असल्यास तुलना करता येते. परंतु लांब केंद्रांतराच्या भिंगातून घेतलेल्या छायाचित्रात पुढचे व मागचे अंतर दबले जाते आणि सारख्याच आकाराच्या दोन पक्ष्यांपैकी मागचा पक्षी मोठा असल्याचा भास होतो. म्हणून दोन्ही पक्षी भिंगापासून सारख्याच अंतरावर असतील, तरच अशी तुलना ग्राह्य धरतात. निरपेक्ष मापापेक्षा प्रमाणे अधिक भरवशाची असतात. उदा., चोचीची लांबी डोक्याच्या किती पट आहे, मिटलेल्या पंखांची टोके शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचतात की नाही, पाय शरीराच्या मानाने किती लांब आहेत, हे छायाचित्रावरही मोजता येते. थंडीत किंवा आजारपणात पक्षी पिसे फुलवून बसतो व दुप्पट जाडा दिसतो, घाबरला असता अंग चोरतो व सडपातळ दिसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

चोच, पाय व शेपटी : हे अवयव पक्ष्याच्या आहाराशी व राहणीशी निगडित असल्याने पिसाऱ्यापेक्षा कमी बदलतात आणि कुल ठरविण्यास उपयोगी पडतात. पावशा व शिक्रा यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पावशा हा कोकिळेच्या कुलातील पक्षी असून त्याचा राखी पिसारा, पोटावरील आडवे पट्टे, पट्टेदार शेपटी व उडण्याची ढबही शिक्र्यासारखी असते. महाराष्ट्रात उन्हाळ्याच्या अखेरीस ‘पेर्ते व्हा’ असा ज्याचा आवाज शेतकऱ्याला ऐकू येतो, तोच हा पक्षी. परंतु मुक्या छायाचित्रात तो शिकारी पक्षी म्हणून सहज खपून जातो. चोच पाहिली, की शंका फिटते. शिक्र्याची चोच आखूड व मुळापासूनच आकड्यासारखी वाकलेली असते. पावशाची चोच बारीक व किंचित वाकडी असते आणि डोळ्याभोवती पिवळे कडे असते. फांदी पकडताना शिक्र्याची तीन बोटे पुढे व एक मागे असते, तर पावशाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात.

शुभ्र बगळ्यांच्या बाबतीत पिसारा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे व पायांची बोटे पिवळी असतात. मोठ्या बगळ्याच्या तोंडाची फट डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली दिसते. मध्यम बगळ्याची फट डोळ्याखालीच संपते व डोके अधिक गोल असते. गाय बगळा आखूड मानेचा व जाड हनुवटीचा असून विणीच्या काळात त्याचे डोके, मान व पाठ यांवर नारिंगी छटा येते. चिखलात उभ्या असलेल्या पक्ष्याचे पाय दिसत नसल्यास अशा छायाचित्राचा निर्णय चोच व चेहरा यांवरच करावा लागतो. आकाशातील शिकारी पक्ष्यांमध्ये शेपटी हे मुख्य साधन होय. सामान्य घारीच्या शेपटीला मध्ये खाच असते. मधुबाजाची शेपटी टोकाशी गोलसर असते व त्याचे डोके कबुतरासारखे लहान व मान पुढे आलेली दिसते. मधुबाजाचा पिसारा मात्र फिकट ते जवळजवळ काळा असा इतका बदलता असतो, की रंगावरून त्याची ओळख पटविणे धोक्याचे ठरते.

पिसाऱ्यावरील खुणा : आकृतीवरून कुल ठरले, की जात ठरविण्यासाठी पिसाऱ्याचे भाग क्रमाने पाहतात. माथा, भुवईवरील पट्टा, डोळ्यातून जाणारी रेघ, कानावरील पिसे, हनुवटी व गळा, छाती, कुशी, पोट, शेपटीच्या बुडाखालची पिसे, पाठ, कंबर, पंखांवरील पट्टे व शेपटीच्या बाहेरच्या पिसांचा रंग यांची नोंद करतात. खूण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे म्हणून भागत नाही; ती कोठे सुरू होते व कोठे संपते, हे पाहावे लागते. पंख मिटलेले असताना सर्वांत लांब उड्डाणपिसांची टोके आतल्या पिसांच्या पुढे किती निघालेली आहेत, यावरून वटवट्यांच्या व पाणथळीतील लहान तुतारींच्या काही जाती वेगळ्या करता येतात. दूर अंतरावरून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे पंख बहुधा लांब व टोकदार असतात, हे त्यामागील कारण होय. पंख मिटलेले असताना कित्येक खुणा झाकल्या जातात. वंचक बसलेला असताना मातकट व रेघारेघांचा दिसतो, पण उडताच त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतात. त्यामुळे एकाच पक्ष्याची दोन छायाचित्रे नवख्यास दोन निरनिराळ्या जातींची वाटतात.

रंगांची फसगत : छायाचित्रातील रंग हा पक्ष्याचा रंग, प्रकाशाचा रंग व कॅमेऱ्याने केलेला समतोल यांचा एकत्रित परिणाम असतो. सकाळी व सायंकाळी पांढरा पक्षी पिवळसर दिसतो, दाट पानांखाली करड्या पक्ष्यावर हिरवट झाक येते आणि प्रखर उन्हात फिकट खुणा पुसल्या जातात. प्रकाश पक्ष्याच्या पाठीमागून येत असल्यास सर्व रंग काळवंडतात व केवळ बाह्याकृती उरते. कित्येक पक्ष्यांचा निळा, जांभळा वा धातूसारखा चकाकणारा रंग रंगद्रव्यामुळे नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाशकिरणांचे विकिरण व व्यतिकरण होऊन निर्माण होतो. यामुळे जांभळ्या शिंजिराचा नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, तर सावलीत निव्वळ काळा दिसतो. बाहेरूनही रंग चढतो. पळस, पांगारा यांसारख्या फुलांतील मध पिणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळाला पराग लागून तेथे पिवळा ठिपका दिसतो. चिखलात चरणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांचे पोट तांबूस होते. बाजारात विकण्यासाठी मुनियांना कृत्रिम रंग देण्याचा प्रकारही भारतात आढळून आलेला आहे. रंगद्रव्याच्या अभावाने एखाद्या काळ्या पक्ष्याच्या अंगावर पांढरे डाग पडतात किंवा तो सर्वस्वी फिकट होतो. अशा पक्ष्याची ओळख पटविताना रंग बाजूला ठेवून आकृती व प्रमाणे यांवरच भिस्त ठेवतात.

वय, लिंग व ऋतू : मार्गदर्शिकांतील चित्रे बहुधा विणीच्या काळातील प्रौढ नराची असतात. प्रत्यक्षात पुढे येणारी ‘अपरिचित’ पक्ष्यांची पुष्कळ छायाचित्रे ही अतिपरिचित जातींची मादी किंवा पिल्लू यांची असतात. कोकिळेचा नर काळा कुळकुळीत असतो; मादी तपकिरी असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके व पट्टे असतात. दोघांचेही डोळे लाल असतात, ही खूण येथे कामी येते. स्वर्गीय नर्तकाचा पूर्ण वाढलेला नर पांढरा व लांब फितींसारख्या शेपटीचा असतो, मादी तांबूस व आखूड शेपटीची असते, तर तरुण नर लांब शेपटीचा असूनही तांबूस असतो. सुगरणीच्या नराचा पिवळा माथा विणीनंतर नाहीसा होतो व तो चिमणीच्या मादीसारखा दिसू लागतो. पिसे गळून नवी येण्याच्या काळात पंखांत खाचा पडतात, शेपटी तोकडी दिसते आणि जुन्या-नव्या पिसांच्या रंगांत फरक पडतो. चोचीच्या कोपऱ्यातील फिकट मांसल घडी व विरळ, मऊ पिसारा ही पिल्लाची लक्षणे होत.

वगळण्याची पद्धत : ओळखीची तर्कशुद्ध रीत म्हणजे साम्य शोधण्याबरोबरच विरोध शोधणे. प्रथम त्या प्रदेशात, त्या ऋतूत व त्या अधिवासात संभवणाऱ्या जातींची यादी करतात. नंतर छायाचित्रातील प्रत्येक निश्चित खुणेशी विसंगत असणाऱ्या जाती एकेक करून गाळतात. शेवटी उरलेल्या जातीशी सर्व खुणा जुळतात की नाही, हे पुन्हा पडताळतात. चक्रवाक हा महाराष्ट्रात हिवाळी पाहुणा, तर चातक पावसाळ्याबरोबर येणारा. तेव्हा दिनांक हाही एक पुरावा ठरतो. मात्र तो निर्णायक नसतो, कारण वादळाने भरकटलेले, आजारामुळे मागे राहिलेले व पिंजऱ्यातून सुटलेले पक्षी अनपेक्षित स्थळी व काळी आढळतात. सर्वसाधारण नियम असा, की दुर्मिळ पक्षी नेहमीच्या रूपात दिसण्यापेक्षा नेहमीचा पक्षी वेगळ्या रूपात दिसण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते. दुर्मिळ जातीचा दावा जितका मोठा, तितका पुरावा भक्कम असावा लागतो.

रानपिंगळ्याचे उदाहरण : रानपिंगळा या घुबडाचा इतिहास अचूक ओळखीचे महत्त्व दाखवितो. एफ्. आर्. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगढच्या पूर्व भागात याचा पहिला नमुना मिळविला व ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यानंतर १८८४ पर्यंत मिळालेल्या मोजक्या नमुन्यांत जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेले नमुने होते. पुढे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतून एक नमुना मिळविल्याचा दावा केला आणि त्या ठिकाणी केलेले शोध व्यर्थ गेले. हा नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून व खोटी चिठ्ठी लावून सादर केलेला होता, असे पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी नंतर सिद्ध केले. खोटी चिठ्ठी वगळून जुन्या खऱ्या स्थळांकडे वळल्यामुळेच रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी हा पक्षी ११३ वर्षांनी जिवंत आढळला. त्यांनी त्याची छायाचित्रे व चलत्‌चित्रे घेतल्यामुळे ओळखीबद्दल शंका उरली नाही.

रानपिंगळा हा गावोगावी आढळणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याहून किंचित मोठा असतो. दोघांतील मुख्य भेद छायाचित्रावर पडताळता येतात. पिंगळ्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पिंगळ्याच्या पोटावरील तपकिरी खुणा खालपर्यंत पसरलेल्या असतात. रानपिंगळ्याची छाती बव्हंशी सलग तपकिरी, तर पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. रानपिंगळ्याच्या पंखांवरील व शेपटीवरील पांढरे पट्टे रुंद असतात, डोके व चोच मोठी असते आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. तो दिवसाही उघड्या फांदीवर बसतो. परंतु पिंगळाही दिवसा दिसत असल्याने केवळ या सवयीवरून निर्णय करता येत नाही. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळल्याने त्याचा प्रसार सातपुड्याच्या दक्षिणेस पश्चिम घाटापर्यंत असल्याचे कळले. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. अशा जातीच्या बाबतीत पिंगळ्याला रानपिंगळा म्हटल्यास नसलेली संख्या कागदावर वाढते आणि रानपिंगळ्याला पिंगळा म्हटल्यास त्याचे जंगल अनोळखी राहून तोडले जाऊ शकते. दोन्ही चुकांची किंमत पक्ष्यालाच मोजावी लागते.

अस्पष्ट पुरावा व वाद : अमेरिकेतील हस्तिदंती चोचीच्या सुताराचे प्रकरण अस्पष्ट चित्रांच्या मर्यादा दाखविते. एप्रिल २००४ मध्ये अर्कॅन्सॉ राज्यातील दलदलीच्या जंगलात घेतलेल्या काही सेकंदांच्या धूसर चलत्‌चित्रावरून, नामशेष मानला गेलेला हा पक्षी अद्याप जिवंत असल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. डेव्हिड सिब्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यास आक्षेप घेतला. पंखाच्या मागील कडेचा जो पांढरा भाग या पक्ष्याची खूण मानला गेला, तो सामान्य तुरेवाल्या सुताराच्या पंखाची पांढरी खालची बाजू असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. पंख वेगाने वळत असताना वरची व खालची बाजू अस्पष्ट चित्रात वेगळी करता येत नाही. वाद मिटला नाही. अमेरिकन शासनाच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २०२१ मध्ये ही जाती नामशेष जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु २०२३ मध्ये नामशेष ठरविलेल्या जातींच्या अंतिम यादीत तिचा समावेश केला नाही.

छायाचित्राने लागलेले शोध : याउलट स्पष्ट छायाचित्र कधीकधी संग्रहालयातील नमुन्याहून अधिक सांगते. बोर्निओतील काळ्या भुवईचा सातभाईसदृश पक्षी १८४० नंतरच्या दशकात मिळालेल्या एकाच नमुन्यावरून ज्ञात होता. ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण कालिमांतानमधील दोन ग्रामस्थांना एक अनोळखी पक्षी सापडला. त्यांनी त्याची छायाचित्रे घेऊन त्याला सोडून दिले व ती जाणकारांकडे पाठविली. तपासणीअंती सु. १७० वर्षे न दिसलेली हीच जाती असल्याचे ठरले व २०२१ मध्ये तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. जुन्या नमुन्यात पिवळ्या काचेचा डोळा बसविलेला होता. जिवंत पक्ष्याची परितारिका गडद तांबडी असल्याचे छायाचित्रांनी दाखविले. मेलेल्या पक्ष्याचे डोळे, चोच व पाय यांचे रंग लवकर उडतात, म्हणून हा फरक राहिला होता. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात रमणा अत्रेय यांनी शोधलेल्या ‘बुगुन लिओसिक्ला’ या पक्ष्याचे २००६ मधील वर्णनही पक्षी न मारता, पकडून सोडलेल्या पक्ष्याची छायाचित्रे व गळालेली पिसे यांच्या आधारे केले गेले. संख्या फार थोडी असल्याने एकही पक्षी मारणे त्यांना योग्य वाटले नाही. मात्र जिवंत पक्ष्यावरून केलेले प्रत्येक वर्णन टिकतेच, असे नाही. सोमालियातील एका खाटिक पक्ष्यासारख्या पक्ष्याचे १९९१ मध्ये नवीन जाती म्हणून वर्णन झाले होते. २००८ मधील जननिक अभ्यासात तो ज्ञात जातीचाच एक वर्णभेद असल्याचे आढळले.

संगणकीय ओळख : नामांकित केलेली लाखो छायाचित्रे संगणकास पुरवून, त्यांतील आकार व रंगांच्या मांडणीवरून नव्या छायाचित्राचे नाव सुचविणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेची ‘मर्लिन’ ही त्यांपैकी एक होय. स्थळ व दिनांक दिल्यास अशा प्रणाली असंभाव्य जाती वगळतात व परिचित पक्ष्यांच्या स्वच्छ छायाचित्रांबाबत बहुधा बरोबर ठरतात. परंतु ज्या जातीची छायाचित्रे मुळातच थोडी आहेत, तिच्याऐवजी संगणक तिच्यासारखी सामान्य जाती सुचवितो. तो कारणे देत नाही. म्हणून त्याचे उत्तर हा निर्णय न मानता तपासणीचा आरंभ मानावा लागतो. कृत्रिम रीतीने बनविलेली किंवा अन्यत्र घेतलेली छायाचित्रे खरी म्हणून पुढे येण्याचा धोकाही वाढला आहे. मूळ संचिका, सलग घेतलेली अन्य छायाचित्रे व स्थळाशी जुळणारी वनस्पती यांवरून त्यांची तपासणी करतात.

निश्चिततेच्या पायऱ्या : प्रत्येक छायाचित्रावरून जात ठरतेच, असे नाही. हिवाळ्यात भारतात येणाऱ्या पर्णवटवट्यांच्या काही जाती आवाजाखेरीज वेगळ्या करणे फार कठीण असते. अशा वेळी ओळख प्रजातीपर्यंत (निकटच्या जातींच्या गटापर्यंत) नेऊन थांबणे, हेच शास्त्रीय उत्तर होय. नोंदीत ‘निश्चित’, ‘संभाव्य’ व ‘अनिर्णित’ असा भेद केल्यास पुढील अभ्यासकांची दिशाभूल होत नाही आणि अधिक चांगला पुरावा मिळाल्यास नोंद सुधारता येते. निर्णयासोबत तो कोणत्या खुणांवरून घेतला व कोणत्या जाती कशामुळे वगळल्या, हे लिहिलेले असावे. केवळ नाव असलेल्या नोंदीची फेरतपासणी करता येत नाही.

आचारसंहिता : ओळखीसाठी अधिक स्पष्ट छायाचित्र हवे म्हणून पक्ष्याला त्रास देणे समर्थनीय नाही. विणीच्या काळात घरट्याजवळ वारंवार गेल्याने पक्षी अंडी वा पिल्ले सोडून जातात. घरट्यापुढील फांद्या तोडल्यास कावळे व साप यांस ते उघडे पडते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला पुन्हा पुन्हा बोलाविल्यास त्याचा चरण्याचा व पिल्ले भरविण्याचा वेळ वाया जातो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश होतो. माळढोक, तणमोर, रानपिंगळा, गिधाडे यांसारख्या जातींच्या छायाचित्रांसोबत नेमके स्थळ प्रसिद्ध न करता ते वन विभाग व अभ्यासक यांनाच कळविणे इष्ट समजले जाते. पुढील निरीक्षकास तो पक्षी त्याच जागी निर्धास्तपणे आढळावा, हा त्यामागील हेतू आहे.